झेंडा किती लांब?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. तीन माणसं दर रविवारी एकाच माळावर भेटली आणि त्यातल्या दोघांचा एकमेकांवर बारीक डोळा असला, की ते आपोआप साठत जातात!

आमचा माळ नांदेडहून मुदखेडकडं जाताना लागतो. बालाजीरावांची ती पडीक जमीन. नुसता मुरूम, कुसळाशिवाय काही उगवत नाही. तिथं दातांचे डॉक्टर वट्टमवार, बालाजीराव आणि मी गोल्फ खेळतो. डॉक्टरांना हैदराबादला शिकताना हा नाद लागला, त्यांनी तो आम्हाला लावला. होल तीनच. होल म्हणजे जमिनीत पुरलेला तुपाचा डबा, त्यात एक वेळूची काठी आणि वर माझ्या बायकोच्या ब्लाउजपीसचा झेंडा.

या खेळात झेंडा किती लांब आहे हे कळल्याशिवाय कुठल्या क्लबनं, म्हणजे कुठल्या दांड्यानं मारायचं ते ठरत नाही. आणि अंतर सांगायचं काम माझं! चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली आहेत मी. डोळे बारीक करायचो आणि सांगायचो, "एकशे तीस पावलं." कुणाला शंका आली तर चालून दाखवायचो. चालताना कुणी तोंड उघडलं की खेकसायचो, "बोलू नका हो, मोजणी चुकते!"

डॉक्टर माझी हुबेहूब नक्कल करायचे. पण मी आकडा सांगितल्याशिवाय क्लबला हात लावायचे नाहीत. रिटायर माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

*

एका रविवारी डॉक्टर गळ्यात एक काळी डबी अडकवून आले. अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेली. लेझर! डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, आत आकडा दिसतो.

सवयीनं मी म्हणालो, "एकशे तीस."

डॉक्टरांनी डबी लावली. "एकशे अठ्ठावीस!"

"दोन पावलं चुकले की साहेब!" बालाजीराव म्हणाले.

चौतीस वर्षांत मला कुणी हे म्हटलं नव्हतं. पुढच्या दोन्ही होलला मला कुणी काही विचारलंच नाही. घरी आलो तर पिठलं गोड लागेना. सरळ सांगतो, मी जळत होतो. डॉक्टरांवर, त्यांच्या डबीवर आणि त्यांच्या अमेरिकेतल्या मुलावरसुद्धा.

बायकोनं ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "अहो, झालं काय? तोंड तर असं केलंय, जशी घरात सवत आली!"

*

पण देव असतो. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी तिसऱ्या होलवर नेम धरला आणि जाहीर केलं, "दोनशे बारा!"

मला दिसत होतं, झेंडा शंभराच्या आतच होता. पण मला विचारलं कुणी? मी गप्प बसलो. डॉक्टरांनी सगळ्यात मोठा क्लब काढला आणि असा काही हाणला की बॉल झेंड्यावरून, बांधावरून थेट शेजारच्या माणिकरावांच्या हळदीत गेला.

झालं असं होतं की, लेझर बारीक वेळूवर बसलाच नव्हता. तो मागं बांधलेल्या माणिकरावांच्या म्हशीवर जाऊन बसला होता.

मी मनातल्या मनात पेढे वाटले. डॉक्टर मशीन उलटंसुलटं करून पाहत होते. बालाजीरावांनी त्यांची समजूत घातली, "मशीनला नावं ठेवू नका डॉक्टर. म्हैस दोनशे बारावरच हाय!"

*

तरी डबी गळ्यातून निघेना. मग मीही ठरवलं, आपणही मशीन घ्यायचं, आणि डॉक्टरांपेक्षा भारी घ्यायचं. नांदेडच्या दुकानांत चौकशी केली तर सगळे कॅरम दाखवायला लागले. शेवटी एसटीनं अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. तिथं मेहुण्याचं मोबाइलचं दुकान आहे.

मेहुण्यानं एक घड्याळ मनगटावर बांधलं. "दाजी, हे जगातलं लई मोठं मोठं मैदान वळखतंय. नेम धरायचं कामच न्हाई. आठ दिवस वापरून बघा."

रविवारी बाह्या वर करूनच माळावर गेलो. डॉक्टरांना दिसेल असा हात वर धरला, बटण दाबलं. घड्याळ बराच वेळ शोधत राहिलं. त्याच्या यादीत आमचा माळ कुठून असणार? शेवटी जवळात जवळचं मैदान त्यानं शोधून काढलं, हैदराबादचं. दोनशे तीस किलोमीटर!

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाले, "साहेब, जरा मोठा क्लब घ्या!"

*

घड्याळ परत करायला गेलो तेव्हा मेहुण्यानं लेझरचंच एक मशीन दाखवलं. समोर चढ असला तर ते त्या हिशेबानं अंतर वाढवून सांगतं म्हणे.

"वाढवून?" मी विचारलं.

"हाव दाजी. शंभर असलं तर एकशे दहा सांगतंय."

मी ते टेबलावर ठेवलं. लोकांनी चहा पाजून पाहिला, कोंबडीचं आमंत्रण देऊन पाहिलं, पण चौतीस वर्षांत मी कुणाचं अंतर वीतभर वाढवून सांगितलं नाही. आता म्हातारपणी मशीनकडून सांगू? मग सरळ अंतर सांगणारं साधं लेझर घेतलं. हात थरथरायला नको म्हणून सोबत तिपाई घेतली.

ती तिपाई मात्र चांगलीच अंगाशी आली.

*

मी बांधाच्या कडेला, कोपऱ्यातल्या मोजणीच्या दगडापाशी तिपाई रोवली. मशीनला डोळा लावतो न लावतो तोच हळदीतून माणिकराव धावत आले. हातात सातबारा!

"नोटीस न्हाई, काई न्हाई, चोरून मोजणी करून राहिले का?"

चूक त्यांची नव्हती. आमच्याकडं मोजणीचा माणूस तिपाई घेऊन बांधावर उभा राहिला, की त्याचा एकच अर्थ असतो. आम्ही गोल्फ म्हणून सांगितलं, पण ऐकतो कोण? त्यांचं आणि बालाजीरावांचं त्या बांधावरून जुनंच वाकडं. दगडापासून झेंड्याच्या दिशेनं पंच्याण्णव मीटर बालाजीरावांचे, त्यापुढं माणिकरावांची जमीन, हे दोघांना मान्य. तिसरा होल नेमका कुणाच्या हद्दीत, एवढाच सवाल.

मी मशीन लावलं. "नव्वद."

"बघा! माझ्यात हाय!" बालाजीराव म्हणाले.

डॉक्टर कुठले मागं राहतात! त्याच दगडावर उभं राहून त्यांनी आपली डबी लावली. "अठ्ठ्याण्णव."

"मग माझ्यात हाय!" माणिकराव म्हणाले.

आता दोन शेतकरी दोन मशीनच्या बाजूनं भांडायला लागले. डॉक्टरांचं मशीन यार्डांत सांगतं आणि माझं मीटरमध्ये, हे मला घरी गेल्यावर कळलं. मोजणीतल्या माणसाला ते जागीच कळायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला डॉक्टरांना खोटं पाडायची घाई झाली होती.

शेवटी माणिकराव वैतागून म्हणाले, "ठेवा ते डबडे बाजूला. साहेब, हा बांध तुमीच मोजला होता ना? तुमी चालून सांगा. तुमचं पाऊल मला मंजूर."

मी चप्पल काढली. म्हशीशिवाय कुणी आवाज केला नाही. झेंड्याशी पोचलो तेव्हा अठ्ठ्याण्णव पावलं झाली होती. माझे पंच्याण्णव मीटर एकशे चार पावलांत होतात, म्हणून तिथून पुढं सहा पावलं टाकली आणि टाच मारून सांगितलं, "पंच्याण्णव मीटर इथं. होल बालाजीरावांचा."

"साहेबाचं पाऊल हाय, मंजूर," माणिकराव म्हणाले, सातबारा घडी करून खिशात घातला आणि हळदीत सापडलेला बॉल आणून दिला.

डॉक्टर नुसते डबीची काच पुसत राहिले.

पुढच्या रविवारी मी जरा लवकरच माळावर पोचलो. पाहतो तर डॉक्टर एकटेच बांधावर. मशीन गळ्यात, बूट दगडापाशी काढून ठेवलेले, मान खाली, ओठ हलताहेत, आणि एक एक पाऊल टाकत झेंड्याकडं चाललेत.

"राम राम डॉक्टर!" मी हाक मारली.

त्यांनी वर न बघताच हात केला. "बोलू नका हो, मोजणी चुकते!"