वरचं मशीन, खालचं मशीन

वाशीमजवळच्या मालेगावात आमचं कापडाचं दुकान खाली आणि घर वर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दुकानात बिलांसाठी एक कॉम्प्युटर होता. दुसरा मी माहेरून आणलेला, वर आमच्या खोलीत. आणि एक जुना लॅपटॉप गोदामात साड्यांच्या गठ्ठ्यांवर धूळ खात पडलेला असे. वाशीमला मी संगणकाची पदवी घेतली होती, पुण्याच्या एका कंपनीचं काम काही काळ घरून केलं होतं. ते लग्नाआधीच सुटलं. सासरी कुणी त्याबद्दल विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन काही सांगितलं नाही.

माझी मोठी जाऊ, जिला मी भाभी म्हणते, माझ्याहून बरीच मोठी. जेवणं झाली की घरातले पुरुष थोडे आडवे व्हायचे आणि तेवढा वेळ गल्ल्यावर ती बसायची. दुपारचं दुकान आपलं आहे, असं ती सगळ्यांना सांगायची आणि ते खरंच होतं. बायका मुद्दाम त्याच वेळी यायच्या, कारण भाभी ताका उलगडून दाखवताना कंटाळत नसे आणि न घेता गेलं तरी कपाळाला आठी पडू देत नसे.

बिलाचा प्रोग्राम विकत आणलेला होता. तो अधूनमधून अडकायचा, आणि ज्याने विकला तो फोन उचलायचा नाही. एके दिवशी मी म्हटलं, मी नवा करून बघते. माझ्याकडे एआयचा कोडिंग असिस्टंट होता. आपण काय हवं ते साध्या भाषेत लिहायचं आणि तो प्रोग्राम लिहून द्यायचा, आधीच्या प्रोग्राममध्ये फेरफार करायचा. भाभी स्टूल ओढून माझ्या बाजूला बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मराठीत सांगतलं तर समजते काय त्याले?"

"समजतं."

"मंग सरक."

तिने पहिलं वाक्य एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं. ब्लाउज पीस फुकट दिला तर बिलात तो दिसला पाहिजे, पण पैसे नाही लागले पाहिजे. तेवढ्यात चहा झाला, आणि चहा पिऊन येईपर्यंत ते काम झालेलं होतं. भाभीने पुन्हापुन्हा बिल काढून पाहिलं. मग म्हणाली, "हे तं बरं हाय वं."

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून करायला लागलो. प्रोग्राम कसा बांधायचा ते मला कळत होतं. दुकान कसं चालतं ते तिला. मी तिला फाईल कुठे असते, जुनं परत कसं आणायचं, हे शिकवलं. ती मला मीटर आणि वार, उधारीचं गिऱ्हाईक आणि रोखीचं गिऱ्हाईक यांतले बारकावे सांगे. सासूबाई म्हणायच्या, या दोघी दिवसभर काय खुसुरफुसुर करतात देव जाणे.

मग तो बस्त्याचा दिवस आला. मानोऱ्याकडचं एक मोठं कुटुंब लग्नाची कापडं घ्यायला आलं होतं. नवरीची आई, मावश्या, काका, पोरंसोरं, दुकान भरून गेलेलं. दोन तास ताके पडत होते. शेवटी बिल काढलं तर सूट धरलेलीच नाही. दुसऱ्यांदा काढलं तर भलतीच धरली. नवरीचे काका म्हणाले, "भाऊ, आमाले अडाणी समजून राह्यले काय?" माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, लाल झाले. भाभीने शांतपणे साधं बिलबुक काढलं, हाताने बिल लिहिलं, चुकीबद्दल नवरीच्या आईला एक साडी वर दिली, आणि माणसं हसत गेली.

ती गेल्यावर आम्ही शोधायला बसलो. भाभीने आदल्या आठवड्यात वरच्या कॉम्प्युटरवर असिस्टंटला बजावून ठेवलं होतं की बिलातल्या सुटीचा हिशेब विचारल्याशिवाय बदलू नको. आणि त्या सकाळी खालच्या कॉम्प्युटरवर मी एक लहानशी दुरुस्ती करायला सांगितली, तर त्याने जाता जाता सुटीचा हिशेबही आपल्या मनाने 'नीट' करून टाकला.

"मी तं सांगतलं होतं त्याले," भाभी म्हणाली.

"तुम्ही वरच्याला सांगितलं होतं. खालच्याला ते ठाऊकच नाही."

"म्हणजे हा एकच नाही काय?"

एकच होता आणि नव्हताही. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याच्या सूचनांची फाईल वेगळी असते, आणि आम्ही जिथे बसू तिथे त्याला काही ना काही सांगत सुटलो होतो. मी पुण्याच्या कामात असताना यावर जे करायचे तेच इथे केलं. सगळ्या मशीनसाठी एक सामायिक फाईल केली आणि ती इंटरनेटवर खासगी जागी ठेवली. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की तो ती फाईल आपोआप उतरवून घेणार. एका ठिकाणी नियम बदलला की सगळीकडे बदलला. कोणकोणत्या मशीनने फाईल घेतली याची यादीही तिथे दिसे. शिवाय प्रत्येक मशीनवर एक लहान, फक्त त्याच मशीनची फाईल. ती कुठेही जात नाही, आणि दोन्हींत वेगळं सांगितलेलं असेल तर त्या मशीनपुरतं तिचंच खरं धरायचं.

भाभीला हे चटकन पटलं. सामायिक फाईल बहुतेक तिनेच लिहिली. विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही. बिलातल्या सुटीला हात लावायचा नाही. काय केलं ते मराठीत सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं. गिऱ्हाइकाच्या नोंदीचं काही लिहायचं असेल तर आधी गाव, मग नाव, कारण आमच्याकडे एकाच नावाची माणसं गावोगाव असतात. माझ्या वरच्या मशीनच्या फाईलमध्ये मी लिहिलं की इथे इंग्रजीत सांगितलं तरी चालेल आणि नवे प्रयोग करायला हरकत नाही. दुकानातल्या मशीनच्या फाईलमध्ये ती म्हणाली तसं लिहिलं की गिऱ्हाईक समोर असताना, म्हणजे दुकानाच्या वेळात, इथे काहीच बदलायचं नाही, फक्त सांगायचं. गोदामातला लॅपटॉपही झटकून कामाला लावला.

शेलूबाजारच्या एका कृषी केंद्रवाल्याने आमच्या दुकानात बिल पाहिलं आणि तसंच त्याला हवं झालं. सासऱ्यांना, म्हणजे बाबूजींना, विचारून आम्ही दोघी एसटीने गेलो. मला तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. हायवेच्या कडेला जीपा लागलेल्या, दुकानात खतांचा उग्र वास, आणि टेबलाखाली झोपलेलं एक मांजर. दुकानदार आमच्या मागे बघत म्हणाला, "घरचे कोणी नाही आले काय?"

"ते दुकानात हायेत," भाभी म्हणाली. "काम आमचं हाय."

त्याच्या कॉम्प्युटरवर आमची सामायिक फाईल घेतली आणि त्याच्यापुरते नियम वेगळे लिहिले. तिथे मीटर नव्हते, बॅगा होत्या. बियाण्याच्या बिलात लॉट नंबर सुटायला नको होता. भाभी त्याला एकेक प्रश्न विचारत होती, तो उत्तरं देत होता, आणि मी टाइप करत होते. परतताना गाडीला उशीर होता. आम्ही स्टँडवर उभं राहून, कांदा न घातलेली भजी मुद्दाम तळून घेऊन खाल्ली. भाभी म्हणाली, "आता मानोऱ्याले जाऊ. मंग वाशीम." ती इतकी खुशीत होती की कागदाला लागलेला चुराही तिने वेचून खाल्ला.

मानोऱ्याला आम्ही दोघी मिळून कधीच गेलो नाही.

त्या पावसाळ्यानंतर भासऱ्यांनी अकोल्याला दुकान टाकायचं ठरवलं. भांडण असं झालं नाही. मुलीची शाळा, वाढता धंदा, दोन भावांना एक दुकान पुरत नव्हतं, सगळी कारणं रास्त होती. बाबूजींनी सगळ्यांना बैठकीत बसवलं. माल कसा वाटायचा, गोदाम कुणाकडे, गाडी कुणी ठेवायची, देव्हाऱ्यातलं काय न्यायचं, इथपर्यंत सगळं शांतपणे बोललं गेलं. कॉम्प्युटरचीही गोष्ट निघाली. गोदामातला लॅपटॉप भाभीला द्यावा असं माझ्या नवऱ्यानेच सुचवलं.

शेवटी बाबूजी म्हणाले, "कोणाचं काही राह्यलं काय?"

भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी तिच्या शेजारी. तिने माझ्याकडे पाहिलं. आमचं राहिलं होतं. पण ते काय आहे हे सांगायला आमच्याकडे शब्द नव्हता. दुकान नव्हतं, माल नव्हता. दोन बायका दुपारी शेजारी बसून जे करत होत्या त्याला घरात कुणी नाव दिलं नव्हतं, आम्हीही नाही.

"नाही बाबूजी," भाभी म्हणाली, आणि बैठक उठली.

अकोल्याला गेल्यावर सुरुवातीला वाटलं, काही बिघडलं नाही. सामायिक फाईल तीच होती. सकाळी मी मशीन सुरू केलं की तिने केलेला बदल दिसायचा आणि मी चहा पिता पिता तो वाचायचे. एकदा तिने फोनवर सांगितलं, तिच्या मशीनच्या फाईलमध्ये तिने लिहिलं होतं की इथे गाव विचारू नको, मोबाईल नंबर विचार, इथली माणसं गाव सांगत नाहीत. मी हसले. ती म्हणाली, "खरंच सांगून राह्यली. गाव विचारलं तं वाईट वाटते त्यायले."

मग भासऱ्यांच्या नव्या भागीदाराने तयार सॉफ्टवेअर आणलं. बसवायला माणूस येतो, शिकवायला माणूस येतो, असं सगळं. त्यात वावगं काही नव्हतं. पण दुकान घरापासून लांब होतं, गल्ल्यावर नोकर होता, आणि भाभीची दुपार तिची राहिली नाही. बदल येणं कमी झालं. मग आठवडे रिकामे जायला लागले. एकदा मी फोन केला.

"भाभी, तुमचं मशीन फाईलच घेऊन नाही राह्यलं."

"आपलं ते बंद केलं त्याच्यावर. पोरीच्या अभ्यासाले लागते."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही अकोल्याला गेलो. पुरुष नवं दुकान बघायला गेले आणि आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात. ती मेथी निवडत होती. शेलूबाजारवाल्याची चौकशी केली. मी सांगितलं, चांगलं चाललं आहे, मोठ्या बाई कुठे आहेत म्हणून विचारत असतो. तिने मेथीची दुसरी जुडी सोडली.

मी म्हटलं, "भाभी, परत सुरू करू. तुम्ही इथून, मी तिथून. मशीनला काय, अकोला अन् मालेगाव सारखंच."

"मशीनले सारखं हाय," ती म्हणाली. "तुह्याजवळ बसून करत होती तं मजा येत होती. एकटीनं त्याले काय सांगू मी?"

"फोनवर बोलत जाऊ."

"दोन दिवस बोलू. मंग तुले काम, मले काम." तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. "माह्यं मशीन काढून टाक त्या यादीतून. उगाच नाव दिसत राह्यते."

मी निवडलेली मेथी धुवायला घेतली. ती अकोल्याला गेल्या गेल्या, पहिल्याच महिन्यात, आम्ही घरातल्यांना नीट सांगितलं असतं की हे आमचं काम आहे, याला वेळ द्यावा लागेल, तर कुणी आडवं आलं असतं असं मला वाटत नाही. बाबूजी तर नक्कीच नाही. त्यांनी विचारलंही होतं. हेच जास्त लागतं.

घरी आल्यावर बरेच दिवस मी ते काम टाळलं. मग एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मशीनची यादी उघडली. वरचं, खालचं, शेलूबाजार, अकोला. अकोल्यावर खूण केली आणि काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं स्क्रीनवर विचारलं, मी हो म्हटलं. यादी आखडून वर सरकली. तिच्या मशीनपुरते तिने लिहिलेले नियम माझ्याकडे नाहीत, ते तिच्या लॅपटॉपवरच होते, आणि तो आता मुलीने सगळा पुसून कोरा करून घेतला असेल.

नवरा दारात येऊन म्हणाला, "काय करून राह्यली?"

"काही नाही. एक मशीन कमी केलं."

"बरं," तो म्हणाला आणि शटर उघडायला खाली गेला.