डाव्या हातातली रेंज

आमच्या सर्व्हिस सेंटरला त्या नव्या फोनची एकच तक्रार यायची. डाव्या हातात धरला आणि बोटांनी कड झाकली, की रेंज गायब. "मग उजव्या हातात धरा. सल्ला कंपनीचा आहे, माझा नाही," मी वैतागून सांगायचे.

खडकीचे खळदकर काका हीच तक्रार घेऊन आले. निवृत्त फिटर. त्यांच्या डाव्या हाताची चारही बोटं प्रेस मशीनखाली गेलेली. तीस वर्षं खिशातच ठेवलेला तो हात त्यांनी बाहेर काढला.

"अहो, तुमची कड झाकणार कोण?" मी फटकन बोलून गेले.

काकांनी फोन त्याच तळव्यावर आडवा ठेवला आणि मूठ आवळावी तशा मनगटाच्या शिरा ताणल्या. कड उघडीच होती, पण रेंज गेली. शिरा सैल केल्या, रेंज आली.

मी वाकून कड पुन्हा पुन्हा तपासली. काका मात्र हसले.

"म्हणजे बोटं अजून आहेत, हे मला एकट्यालाच वाटत नाही तर."