दोन बटनं

सायकलच्या चेनला ऑइल घातलं की त्या वासाने मला एक विद्यार्थी आठवतो. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीमागच्या रस्त्यावर मी रविवारी सकाळी मोठ्या माणसांना सायकल शिकवायचो. महाळुंग्याच्या एका कंपनीत पत्रा दाबून कापणारी प्रेस मशिन चालवणारे हे पन्नाशीचे गृहस्थ शिफ्ट संपवून थेट यायचे. शर्टाला असाच ऑइलचा वास असायचा. तोल त्यांना दोन रविवारांत जमला, पण वळताना उजवा हात बाहेर काढणं काही केल्या जमेना. शेवटी मी वैतागून ओरडलो, “अहो, सोडा ना हात! मागच्या ट्रकवाल्याला तुमच्या मनातलं कळणार आहे का?” त्यांनी ब्रेक दाबला, पाय टेकवला. “सर, आमच्या प्रेसला दोन बटनं असत्यात. दोन्ही हातांनी दाबल्याबिगर ती खाली येत न्हाई. शेजारच्या मशिनवरल्यानं एका बटनाला पाचर मारली व्हती, एक हात मोकळा ऱ्हावा म्हणून.” एवढं बोलून त्यांनी दोन्ही मुठी पुन्हा हँडलवर घट्ट आवळल्या. त्यांना मी वळणाआधी उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडायला शिकवलं. मी मात्र अजूनही हात दाखवूनच वळतो, आणि तो हँडलवर परत आला की एकदा बोटांकडे बघतो.