पडद्यावरचं बिनमिशीचं तोंड

सन २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तंबाखूने डाव्या जबड्यात कॅन्सर झाला होता. तेवढा जबडा काढल्याशिवाय जगणार नाही, असं डॉक्टर सांगत होते. मी मुलाला ठणकावलं होतं, "गावाला, पामला घरात मरेन, पन अर्ध्या तोंडाने फिरनार नाय."

तरी तो मला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या एका बाईने माझ्या स्कॅनवरून संगणकात माझं डोकं बनवलं होतं. बारीक बारीक त्रिकोण जोडून कातडी आणि हाडं उभी केलेली. खरं कापण्याआधी डॉक्टर त्यावर हात बसवणार होते.

चेहरा माझाच, पण मिशी नव्हती. "स्कॅनमध्ये केस दिसत नाहीत," बाई म्हणाली. मिशी मी आयुष्यात एकदाच उतरवली होती, बाप गेला तेव्हा. समोर तेच सुतकातलं तोंड होतं.

डॉक्टरांनी संगणकातला जबडा कापायला घेतला आणि पडदा लाल झाला.

"नस तुटली काय?"

"हो. परत करतो."

"खरा मी असतो तर गेलो असतो."

"म्हणूनच आधी इथे, बाबा."

ते लाजले नाहीत की चिडले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून कापू लागले. या खेपेला रक्त आलं नाही. जबडा निघाला, गाल आत बसला, ते सगळं मी शेवटपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितली आणि आमच्या नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. ऑपरेशनला मिशी काढावीच लागणार होती, पण ती इस्पितळातल्या कुणी परक्याने काढलेली मला चालणार नव्हती.

"काका, घरात कोन गेलं?" न्हाव्याने विचारलं.

"अजून कोन नाय. तू काढ."