नाड्यावर टांगलेलं इंजिन

आमची जीप जुनी, पण चारही चाकांनी ओढणारी. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्यात जिथे एसटी जात नाही, तिथे ती सवाऱ्या घेऊन दगडगोट्यांतून चढायची. यंदा तिचा क्लच जळला आणि इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढायची वेळ आली. मी म्हटलं, गॅरेजात न्या. नवरा फणकारला, "काऊन? मले येत नाही का?" त्यावरून आमची जी जुंपली, ती अबोल्यावर गेली.

आमच्याकडे अबोल्यात काम थांबत नाही. बोलणं तेवढं सासूबाईंमार्फत होतं. त्या बाजेवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. मी पुलीची साखळी ओढत होते, कारण दुसरं कोणी नव्हतं. पुली त्याने अंगणातल्या निंबाच्या फांदीला नाड्याने, म्हणजे जाड दोराने, बांधली होती. याच नाड्याने आम्ही विहिरीत मोटार सोडतो. मोटार पेलतो तर इंजिनही पेलेल, असा त्याचा हिशेब. शहाणपणा नुसता उतू जात होता!

पुढचे बोल्ट निघाले. इंजिन वर उचललं गेलं. मागे गिअरबॉक्स अजून एका पट्टीला अडकला होता. तिचे बोल्ट काढायला तो गाडीखाली शिरला. आता फक्त त्याचे पाय दिसत होते.

वर करकर झाली. पाहते तर नाड्याचा एक पदर सुटून लोंबत होता. आणि तरी मी काय केलं? सासूबाईंकडे वळले.

"आत्याबाई, त्याईले म्हना, नाडा तुटून राह्यला."

"अरे, थे म्हनते नाडा तुटून राह्यला."

"तिले म्हन, गुमान साखळी धर. एकच बोल्ट राह्यला."

दुसरा पदर तटकन तुटला. मग मला काही सुचलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. सासूसमोर, भर अंगणात, बेंबीच्या देठापासून मी त्याचं नाव घेऊन ओरडले, "निंघ भायेर!"

तो लोळत बाहेर आला. पाठोपाठ सगळं धाडकन खाली बसलं. जिथे त्याची छाती होती, तिथे गिअरबॉक्स मातीत रुतला होता.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता रडायला लागले. सासूबाई नावाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. सुपातली डाळ सगळी अंगणात सांडली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी साखळदंड आणला, गाडीखाली लाकडी ठोकळे रचले. खाली शिरण्याआधी माझ्यासमोर उभा राहिला.

"वर पाहत राय," तो म्हणाला. "काही दिसलं तं मायले सांगू नको. मलेच सांग."