कॅल्शियमच्या डबीतली गोळी

रोहिणी अल्पशा आजाराने गेली नाही.

काळेवाडीच्या चौकातल्या फ्लेक्सवर तसं छापलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजपासून फिट यायच्या आणि ती फिटनेच गेली.

आज वर्ष झालं. सकाळी आईला म्हटलं, मी खरं लिहिणार आहे.

"कशाला लिवायलीस आता? गेलं ना लेकरू. लोकं काय म्हणतील?"

लोकं! याच लोकांपायी आईने लग्नात रोहिणीच्या फिटच्या गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून दिल्या. सासरी कुणाला कळू द्यायचं नाही, अशी स्वतःची शपथ घालून.

गोळ्यांनी फिट थांबल्या होत्या हो. चाकणच्या कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती, लाइन लीडर झाली होती.

लग्नानंतर एकदा घरी आली. मी बारावीला बायोलॉजी शिकवते, म्हणून सगळ्या शंका माझ्याकडे.

"ताई, डॉक्टर लग्नाआधीच म्हणाले होते, मूल हवं असेल तर आधी सांगा, गोळी हळूहळू बदलू. मनाने बंद करायची नाही. पण डोक्याची गोळी बाळाला काय करते गं?"

मी सांगितलं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनला ॲसिटिलचा बारीक तुकडा चिकटला की पकड सैल होते, तिथला जीन वाचता येतो. काही एन्झाइम्स तो तुकडा काढून टाकतात. पकड पुन्हा घट्ट, जीन गप्प.

"म्हणजे आमच्या लाइनवरचंच की. वायर तीच, वरची टेप सैल नाहीतर टाइट."

"तेच. तुझी गोळी तुकडा काढणाऱ्या एन्झाइम्सना अडवते. बाळ घडताना कुठला जीन कधी उघडायचा, कधी मिटायचा, याचं टायमिंग असतं. ते बिघडू शकतं."



"डॉक्टरकडे जायचं तर घरी काय सांगू?"

"खरं सांग."

"आईची शपथ आहे गं."

डॉक्टरकडे जाणं राहिलं आणि तिला दिवस गेले. उलट्या सुरू झाल्या. सासूबाई जुन्या चिखली गावच्या, फार मायाळू. "ह्या गोळ्या उष्ण पडत्यात पोरी. ठिव बाजूला, मी दुसऱ्या आणते." कॅल्शियमच समजून त्यांनी डबी कपाटावर ठेवली. हे त्यांनीच नंतर रडत सांगितलं.

रोहिणी नाही म्हणू शकली नाही. बाळासाठी बरंच झालं, असंही तिला वाटलं असेल. मला फोन केला नाही.

थोड्याच दिवसांत बाथरूममध्ये फिट आली. ती गेली, बाळही गेलं.

दहाव्याला तिच्या नवऱ्याने, प्रशांतने, ती डबी माझ्यासमोर ठेवली. "ताई, हे काय होतं?"

मी सांगितलं. त्याने डबी उचलून हातात घेतली.

"माझ्या चुलत्याला फिट येत्यात. त्यांच्या गोळ्या मीच आणतो दर महिन्याला. हिच्या पण आणल्या असत्या की."

वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रात्री राग येतो, आईचा, लोकांचा, त्या डबीचा.

कुणी फिटच्या गोळ्या घेत असाल तर मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. घरात सांगा.

रोहिणी, आता सगळ्यांना कळलं. आई अजून म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते.

सुटली गं शपथ. जा आता निवांत.