हजेरीताईचा घसा

तिला लहानपणापासून सगळे भोंगा म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पाळण्यात रडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे, कुणाला भाजलंबिजलं का म्हणून. शाळेत बाईंनी तिला शेवटच्या बाकावर धाडलं, तरी फळ्याजवळची मुलं कान दाबून बसायची. असा आवाज एवढ्याशा पोरीच्या गळ्यात बसवून देवाने नक्की कुणाची थट्टा केली, हे घरच्यांना काही केल्या कळेना. तो तिढा बसस्टँडने सोडवला. विसाव्या वर्षी तिला तिथे उद्घोषणेच्या केबिनमध्ये नोकरी लागली. काचेची खिडकी, कुरकुरणारा टेबलफॅन आणि पुढ्यात माईक. माईक बिघडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही.

गाड्यांच्या वेळा तर कुणीही सांगेल. भोंग्याची खासियत होती ती हरवलेल्या माणसांत. "निळा स्वेटर घातलेले गृहस्थ, आपली पत्नी चौकशी खिडकीपाशी उभी आहे आणि चिडलेली आहे, लवकर या." असं एकोणीस वर्षं चाललं. मग स्टँडवर यंत्र आलं. त्यातल्या बाईला सर्दी होत नव्हती, ती रजा मागत नव्हती आणि कुणाची बायको चिडली आहे हेही सांगत नव्हती. भोंगा घरी बसली.

घरी बसली म्हणजे घरच्यांच्या कानांवर बसली. "कुकरची तिसरी शिट्टी झालेली आहे, जेवणाऱ्यांनी पानावर यावं" असं ती दोन खोल्यांच्या घरात पुकारायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दिवसाकाठी हा गृहस्थ मोजून बारा शब्द बोलणार, त्यातले चार नुसते 'हं'. लग्न टिकलं कसं, असं लोक विचारत. अहो, एकाने बोलायचं आणि एकाने ऐकायचं म्हटल्यावर न टिकायला काय झालं!

शेवटी कॉलेजातली लेक वैतागली. "आई, एवढं बोलायचंच आहे ना, तर जगाशी बोल." तिने मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आईला लाइव्ह केलं. सहा माणसं आली. काय बोलावं ते भोंग्याला सुचेना, म्हणून सवयीने तिने आलेल्यांची नावंच पुकारली. लोकांनी तिथे काय काय नावं घेतलेली असतात! "एकटा पंखा, आलात, बसा. तिसऱ्या मजल्यावरची, आलीस? गॅस बंद केलास का? निवृत्त पोस्टमन, नमस्कार, गुडघा कसा आहे?"

तीच पुढे हजेरी झाली. रोज सकाळी अकराला भोंगा डब्यासमोर बसायची आणि दीड तास नावं घ्यायची. गाणं नाही, नाच नाही, रेसिपी नाही. नुसतं नाव, आणि नावामागे एक टोमणा. "काल कुठे होतीस? माहेरी? आणि सांगून जायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात!" तिसऱ्या वर्षी चाळीस हजार माणसं बसायला लागली. भोंग्याची हजेरीताई झाली. भाजीवाला भाव सांगायचा सोडून म्हणायचा, "ताई, एकदा आमचं नाव घ्या ना मोठ्याने." लेकीने कॉमेंटमधल्या शिव्या पुसायचं आणि नावांची यादी सांभाळायचं काम अंगावर घेतलं, म्हणून इमारतीतले लोक तिला सेक्रेटरी म्हणू लागले. ती चिडायची, पण वहीवर तिने तसं लिहिलंही होतं.

वरवर बघता हा सगळा पोरखेळ. पण एकदा त्या निवृत्त पोस्टमनने लिहिलं, "ताई, दिवसभरात माझं नाव घेणारं तुमच्याशिवाय कुणी नाही." तिने ते वाचलं, त्याला दोन टोमणे मारले आणि जाहिरात आल्यासारखं पाणी प्यायला उठली. त्या दिवसापासून तापातसुद्धा तिची सुट्टी नाही.

आणि एका सोमवारी शहाण्णव नावं झाली नि सत्त्याण्णवाव्याला तोंडातून नुसती हवा आली.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळीचा कॅमेरा घशात घातला आणि पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर गाठी. "दोन महिने बोलायचं नाही. एक शब्दही नाही. नाहीतर आवाज जाईल, बाई, आणि गेलेला आवाज परत आणायचं औषध माझ्याकडे नाही." सूचनांचा एक छापील कागद त्यांनी हातात ठेवला. भोंग्याने पहिली ओळ वाचली, 'पूर्ण मौन पाळावे', आणि कागद नवऱ्याकडे दिला. एकोणीस वर्षांत तिने कागदावरचं तेवढंच वाचलं होतं जेवढं ओरडून सांगायचं असतं. खालचं बारीक अक्षर साहेबलोकांसाठी. नवऱ्याचा धंदाच बारीक अक्षराचा. त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाला, "सगळं लिहिलंय. वाच." तिने मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

पहिला आठवडा तिने मिठाची गुळणी धरल्यासारखा काढला. अकराला लाइव्ह बसायची आणि पाटीवर नावं लिहून दाखवायची. चाळीस हजारांचे नऊ हजार झाले. लोक काही वाईट नव्हते, पण पाटी बघायला कोण थांबतं? आठव्या दिवशी पोस्टमनने लिहिलं, "ताई, पाटीवरचं नाव माझं वाटत नाही. रागावू नका, पण उद्यापासून येत नाही."

भोंग्याने लेकीने आणलेला माईक ओठांशी ओढला आणि त्याचं नाव कुजबुजली. एकदाच.

सेक्रेटरीचे डोळे कपाळात गेले. "आई! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

भोंग्याने पाटीवर खरडलं, 'यात आवाज कुठे आहे?'

तिच्या हिशेबाने ते खरंच होतं. समोरच्या इमारतीत ऐकू जातं ते बोलणं. खोलीतल्या खोलीत ऐकू जातं तेही ओढूनताणून बोलणं म्हणता येईल. पण कुजबूज? ती तर नुसती वाफ. जन्मात कधी हळू बोलली असती तर तिला कळलं असतं की हळू बोलायलाही घसाच लागतो.

आणि लोक वेडे झाले. ज्या बाईने जन्मभर कानठळ्या बसवल्या ती आता कानाशी येऊन नाव घेते, "तिसऱ्या मजल्यावरची... काल कुठे होतीस?" लोकांच्या अंगावर काटा यायला लागला. दाताच्या दवाखान्यात ताटकळलेले लोक ऐकायला लागले, कामावर कान दुखून आलेले लोक ऐकायला लागले. तीन आठवड्यांत एक लाख माणूस. लेकीने एकदा विचारलं, "बाबाला सांगायचं का?" भोंग्याने हातानेच नको म्हटलं. उगाच काळजी करेल. आकडा बघून सेक्रेटरीही मूग गिळून बसली.

नवरा सकाळी दहाला जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. तो आला की भोंगा पाटी घेऊन बसायची, अगदी डॉक्टरांची शहाणी पेशंट. आणि मग एक भलतीच गोष्ट घडायला लागली. घर शांत आहे हे बघून नवरा बोलायला लागला. आधी अडखळत, मग धबाधबा. एक बाई रागीट दिसणारा चष्मा मागायला आली होती, घरात कुणी ऐकत नाही म्हणून. एक म्हातारा नवा चष्मा परत करून गेला. म्हणे, घरातली धूळ दिसायला लागली, जुनाच बरा. सांगता सांगता नवरा स्वतःच खो खो हसायचा, आणि भोंगा पाटीवर लिहायची, 'पुढे?' तेवीस वर्षांत हा माणूस विनोदी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक व्हायला तिने उसंत कुठे दिली होती म्हणा!

एकदा जेवताना तिला ठसका लागला. तो पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बोलू नकोस. आता मी आहे ना बोलायला." आत्ताच सगळं सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. एक शब्द कुजबुजली असती तरी मोकळी झाली असती. पण तिने पाण्याचा घोट घेतला, आणि दुसऱ्या दिवशी अकराला साडेसहाशे नावं घेतली. संध्याकाळी घसा सोलून निघाल्यासारखा व्हायचा. मौनाने असं होत असावं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

सहाव्या आठवड्यात नवरा दुपारी दोनलाच घरी आला. बूटही काढले नाहीत.

"एक बाई फ्रेम बघत होत्या," तो म्हणाला. "मोबाईल चालू होता त्यांचा. मी आत काच घासत होतो. ऐकलं आणि काच फुटली हातात."

भोंग्याने पाटी ओढली.

"राहू दे ती."

तो फ्रिजपाशी गेला, कागद काढला आणि मोठ्याने वाचायला लागला. एकेक ओळ. गरम पाणी प्यावे. खाकरू नये. पाचवी ओळ त्याने दोनदा वाचली. "कुजबुजू नये. कुजबुजल्याने ताण वाढतो." मग कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि परत दुकानात गेला. लेक दारात उभी होती. "बाबा, मी सांगणार होते..." असं काहीतरी पुटपुटली. तो म्हणाला, "हं."

त्या दिवसापासून घरात शुकशुकाट. भोंगा बोलत नव्हती, कारण आता तिची पाचावर धारण बसली होती. आणि नवरा बोलत नव्हता, कारण त्याचे बारा शब्दही आटले होते. म्हाताऱ्याने जुना चष्मा ठेवला की नाही, कळायला मार्ग उरला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला. "मौन पाळलंत ना?" नवरा भिंतीवरचा कानाचा नकाशा वाचत होता. "ऑपरेशन करावं लागेल," बाई म्हणाल्या. "त्यानंतर तीन आठवडे ओठसुद्धा हलवायचे नाहीत. मग रोज पाच मिनिटं बोला, हळूहळू वाढवू. आवाज येईल. पण हाच येईल, असं मी सांगत नाही."

ऑपरेशन झालं. तीन आठवडे लाइव्ह बंद. तेवढ्यात दुसऱ्या एका बाईने कुजबुजत हजेरी घ्यायला सुरुवात केली, चांगले दिवे, चांगला माईक. बरीच माणसं तिकडे पांगली. तरी पाच मिनिटांचा पहिला दिवस जवळ आला तसं सेक्रेटरीने सगळीकडे कळवलं: ताई येताहेत, सकाळी अकराला, नवा आवाज पहिल्यांदा तुम्ही ऐकणार. एक लाख लोक येऊन बसले. पोस्टमन सगळ्यात पुढे.

अकराला दहा कमी असताना भोंगा उठली. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो स्वयंपाकघरात ओट्याशी बसून स्वतःचाच चष्मा पुसत होता. तिने आत जाऊन दार लोटून घेतलं.

"आई!" बाहेरून लेक ओरडली. आईचाच आवाज होता तो, सहीसही. "अगं, लोक थांबलेत! आत काय करतेस?"

भोंग्याने मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावला आणि तो ओट्यावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली.

जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा आवाज आला. नवऱ्याने आधी दाराकडे पाहिलं, आणखी कोण आलं म्हणून. मग तिच्याकडे. त्याचा चेहरा उतरला. तिने स्वतःलाही पहिल्यांदाच ऐकलं होतं. बसस्टँड त्यात कुठेच नव्हता.

तीन आठवडे तिने एक माफी मनात घोटून ठेवली होती, अगदी पाठ. पण तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर, "तुम्ही तेव्हाच मोठ्याने का नाही वाचलात तो कागद?"

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"तसं नाही. चुकलं माझं. पण..." ती थांबली, गिळली. "कुणी नाव घेत नाही हो त्यांचं. मी नाही घेतलं तर दिवसभर कुणीच नाही. सोडवेना मला."

"कळतं मला ते."

"मग बोला की! महिना झाला, भिंतीशी राहिल्यासारखं झालंय."

ओट्यावर आकडे सरकत होते. दोन मिनिटं गेली होती. बाहेर लेक कुणाला तरी सांगत होती, पाच मिनिटं थांबा, येतेच आहे, नेटचा प्रॉब्लेम आहे.

नवऱ्याने चष्मा घातला. "तू लोकांशी बोललीस त्याचा मला राग नाही," तो म्हणाला. "सहा आठवडे मी रोज तुझ्यासमोर बसून बोललो. वेड्यासारखा. चष्म्याच्या गोष्टी सांगत. लाख माणसांच्या कानाशी गेलीस, मग माझ्याशी का नाही कुजबुजलीस? एकदा तरी?"

भोंग्याकडे दीड मिनिट होतं. जन्मात तिला उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं; स्टँडवर तर प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असायचं. आता ती नुसती त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. तुम्हाला कळू नये म्हणून, हे एक उत्तर होतं. ते त्याला ठाऊकच होतं.

"तुम्ही बोलत होता," ती शेवटी म्हणाली. तो खरखरता आवाज आता बारीक झाला होता. "मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही गप्प झाला असता. नेहमीसारखे."

हे खरं होतं की ऐनवेळी सुचलं होतं, तिचं तिलाच कळेना. त्याने फडक्याची घडी घातली. बाहेर लेकीचा आवाज रडवेला झाला होता, "अहो जाऊ नका ना, प्लीज, येतेय आई... पोस्टमनकाका, तुम्ही तरी थांबा." भोंग्याने दाराकडे मान वळवली, आणि परत फिरवली.

"अर्धं खरं आहे," नवरा म्हणाला.

कुठलं अर्धं, हे तिला विचारायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण गजर वाजला, आणि नवऱ्याने तिच्या ओठांवर बोट ठेवलं.